राग, स्वरसंहती आणि अँथनी गोन्साल्विस : संमिश्र संगीताच्या एका कसोटीचा विचार

१

दोन संगीतपरंपरा एकत्र आणू पाहणाऱ्या रचनेविषयी आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारचे अभिप्राय ऐकावयास मिळतात. एक पक्ष म्हणतो, हा संकर होय आणि संकराने दोन्ही कुळे बुडतात. दुसरा पक्ष म्हणतो, हा पूर्व-पश्चिमेचा संगम होय आणि संगम हा स्वभावतःच पवित्र असतो. या दोन्ही अभिप्रायांत एक साम्य आहे. ते देण्यासाठी प्रत्यक्ष रचनेतील स्वर तपासण्याची गरज कोणालाच भासत नाही. पहिल्या पक्षाचा निर्णय शुद्धतेच्या अभिमानातून आलेला असतो, दुसऱ्याचा सौजन्यातून. समीक्षेला अभिमानाचा उपयोग नाही आणि सौजन्याचा तर त्याहूनही नाही. दोन परंपरांचा संयोग साधला किंवा फसला हे कशावरून ठरवावयाचे, याची कसोटी तिला हवी असते. अशी एक कसोटी मांडून ती एका गोमंतकीय संगीतकाराच्या कार्यास लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे संगीतकार म्हणजे अँथनी गोन्साल्विस. त्यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला आणि मृत्यू जानेवारी २०१२ मध्ये. १९४३ च्या सुमारास ते मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे एक मान्यवर वादक व वाद्यसंयोजक झाले. हे काम चालू असतानाच त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीताचा अभ्यास केला. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांकडून स्वतःच्या रचना सादर करविल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. 'सोनाटिना इंडियाना', 'कॉन्चेर्टो इन राग सारंग' आणि टोडी थाटातील व्हायोलिन-कॉन्चेर्टो या त्यांच्या रचनांची नावेच त्यांचा संकल्प सांगतात. १९६५ साली ते अमेरिकेतील सिरॅक्यूझ विद्यापीठाकडे गेले. कालांतराने परतून त्यांनी उर्वरित आयुष्य माजोर्ड्यातच घालविले.

सामान्य श्रोत्याला मात्र त्यांचे नाव निराळ्याच वाटेने ठाऊक आहे. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील एका विनोदी गीतात गुरूचे नाव गुंफविले. शिष्याची भक्ती खरी. परंतु परिणाम असा झाला की, ज्याचे नाव लक्षावधी लोकांच्या तोंडी आहे त्याची एकही रचना त्यांच्या कानी नाही. ज्या माणसाने रागाचा आणि स्वरसंहतीचा प्रश्न मुळाशी जाऊन हाताळला तो एक गमतीदार नाव होऊन उरावा, ही केवळ व्यक्तीची उपेक्षा नव्हे. आपल्या संगीतविचारातील ती एक उणीव आहे.

२

कसोटी शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मराठवाड्याच्या अभ्यासकाला ती बीड जिल्ह्यातच, बालाघाटाच्या डोंगरात सापडते. कपिलधार येथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राच्या तसेच कर्नाटकाच्या निरनिराळ्या भागांतून पायी दिंड्या येतात. वीरशैव मताचे मूळ वाङ्मय एकीकडे संस्कृत ग्रंथांत, तर दुसरीकडे कानडी वचनांत आहे. कानडी वचन हे गद्याच्या अंगाने चालते. त्याला ठरीव छंदाचे बंधन नाही. मन्मथस्वामींनी हे मत मराठीत आणले तेव्हा त्यांनी काय केले? त्यांनी कानडी वचनाचा घाट मराठीवर लादला नाही, की एक ओळ कानडी व एक मराठी अशी वीण घातली नाही. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ ओवीबद्ध आहे आणि त्यांची स्फुट रचना अभंगाची आहे. आशय शिवाचा, शिस्त ओवीची.

दिंडीच्या बाबतीतही तेच दिसते. टाळ-मृदंग, ध्रुपदाची आवृत्ती, चालत्या पावलाशी जुळलेली लय हा सर्व घाट पंढरीच्या वाटेवर रूढ झालेलाच आहे. पण त्यातून वाहणारी भक्ती शिवाची आहे. या दिंडीला 'फ्यूजन' म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. याचे कारण असे की, येथे सत्ता कोणाची हा प्रश्न निकालात निघालेला आहे. शब्द आणि छंद यांची ओढाताण होते त्या जागी छंदाचे ऐकावयाचे, हे रचणाऱ्याला आणि गाणाऱ्यालाही ठाऊक असते.

यावरून आपणांस कसोटी मिळते. दोन परंपरांच्या संयोगात त्यांचे परस्परांशी पटते त्या जागा महत्त्वाच्या नव्हेत. तेथे कोणीही सफल होतो. जेथे एकीचा नियम दुसरीच्या नियमाला छेद देतो तेथे रचनाकाराने कोणाचा नियम राखला, कोणाचा मोडला आणि तो मोडताना मोडल्याची जाणीव रचनेत दिसते की नाही, हे पाहावयाचे असते. संघर्षाच्या स्थळी सत्ता कोणाची, हाच संमिश्र कलेच्या समीक्षेचा पहिला प्रश्न होय.

३

कसोटी व्हायोलिनला लावू लागले की महाराष्ट्र आणि गोवा यांतील तीन वाटा स्पष्ट दिसू लागतात.

पहिली वाट गायकी अंगाची. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे स्वतः थोर गायक. त्यांनी व्हायोलिनवर ख्याल उतरविला. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांनी याच वाद्यावर बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर जुगलबंदी केली. येथे वाद्य परदेशी असले तरी कायदा संपूर्णपणे रागाचा आहे. बैठकीतच याचा पुरावा मिळतो. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटी व खांदा यांच्या पकडीत धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पायावर टेकवितो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्य सावरण्याचा भार राहत नाही आणि बोटे तारेवरून निर्वेध घसरू शकतात. मींडेसाठी शरीराची ठेवणच बदलली. पडद्यांचे बंधन नसलेली तार हे या वाद्याचे भाग्य. त्यामुळेच ते सतारीपेक्षा गळ्याला जवळचे ठरले.

दुसरी वाट गीताची. प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचे व्हायोलिन १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या 'गीतरामायणा'त सुधीर फडके यांच्या गायनाच्या साथीला होते. पुढे त्यांच्या 'गाणाऱ्या व्हायोलिन'ने शब्दांवाचून भावगीत ऐकविले. श्रोत्याला गज फिरताना अक्षरे ऐकू येतात, कारण गजाचे आघात शब्दांच्या आघातांबरहुकूम ठेवलेले असतात. या वाटेवर कायदा कवितेचा आहे. गोमंतकीय वादक व संयोजकांनी, विशेषतः सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी, चित्रपटगीताला जी पाश्चात्त्य स्वरसंहतीची पार्श्वभूमी दिली तीही याच वाटेवरची होय. चाल अढळ राहते. स्वरसंहती तिची चाकरी करते. संघर्ष आलाच तर मालकाचे चालते आणि चाकर बाजूला होतो.

तिसरी वाट गोन्साल्विस यांची, आणि ती सर्वांत बिकट. त्यांनी चाकरीचा करार नाकारला. शेकडा वाद्यांचा पाश्चात्त्य वृंद, स्टाफ-लिपीत लिहिलेले स्वतंत्र भाग, कॉन्चेर्टोचा विस्तृत घाट हे एका बाजूला आणि राग दुसऱ्या बाजूला, दोघेही मालक. रागाने पार्श्वभूमीचा रंग व्हावयाचे नाही आणि स्वरसंहतीने साथ व्हावयाचे नाही, असा हा हट्ट होता. त्या काळी आकाशवाणीचा 'वाद्यवृंद' १९५२ पासून अस्तित्वात होता, परंतु त्याचा भर भारतीय वाद्यांचा मेळ घालण्यावर होता. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली स्थापिलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा पाश्चात्त्य कृती वाजवीत असे. या दोहोंच्या मधली जागा गोन्साल्विस यांनी निवडली. रविशंकर यांचा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा सतार-कॉन्चेर्टो १९७१ चा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे १९५८ च्या या प्रयोगाचे धाडस कळून येते.

हे धाडस आकाशातून पडलेले नव्हते. पोर्तुगीज राजवटीपासून गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळत आले. त्या शिक्षणातून आणि कोंकणी लोकजीवनातून एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार घडला. व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने तो गातात आणि दोन आवाज बहुधा एकमेकांपासून तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालतात, म्हणजे एक षड्जावर असेल तर दुसरा गांधारावर. गोमंतकीय ख्रिस्ती वादकाच्या कानात हे तिसऱ्या स्वराचे माधुर्य लहानपणापासून मुरलेले असते. पुढील विवेचनात या गांधाराचा पुन्हा संबंध येणार आहे.

४

आता संघर्षाच्या स्थळाकडे वळू. पाश्चात्त्य स्वरसंहतीचा पाया तीन स्वरांचा गुच्छ हा होय. कोणताही स्वर घ्यावा, त्याच्यापासून तिसरा व पाचवा घ्यावा आणि तिन्ही एकदम वाजवावे. षड्ज-गांधार-पंचम हा गुच्छ म्हणजे घर. पंचम-निषाद-ऋषभ हा गुच्छ म्हणजे त्या घराचा दरवाजा. दरवाजातून घरात येणे, हीच त्या संगीतातील विश्रांतीची मूळ कल्पना आहे. कॉन्चेर्टोसारख्या दीर्घ रचनेचा सारा डोलारा या गमनागमनावर उभा असतो.

सारंगाचे स्वर या दृष्टीने तपासून पाहावे. सारंग म्हणजे प्रामुख्याने वृंदावनी सारंग असे धरले तर त्यात षड्ज, ऋषभ, मध्यम, पंचम आणि निषाद एवढेच स्वर आहेत. निषाद आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल. गांधार आणि धैवत वर्ज्य. म्हणजेच षड्जाला तिसरा स्वर नाही. मध्यमालाही नाही, कारण धैवत नाही. ऋषभाला मध्यम मिळतो, पण पाचवा म्हणून धैवत हवा, तो मिळत नाही. पूर्ण गुच्छ लाभतात ते पंचमावर (पंचम-निषाद-ऋषभ, निषाद शुद्ध वा कोमल) आणि कोमल निषादावर (निषाद-ऋषभ-मध्यम). शुद्ध निषादावरही गुच्छ बांधता येतो, परंतु त्यातील पाचवे अंतर आखूड पडते, म्हणून तो विश्रांतीच्या कामाचा नाही. तात्पर्य, सारंगात दरवाजा पक्का आहे. परंतु दरवाजातून आत पाऊल टाकावे तर घराला मधली भिंत नाही. षड्जावर विसावताना षड्ज-पंचमाची उघडी जोडीच काय ती हाती राहते.

टोडीत नेमके उलट घडते. ऋषभ, गांधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. षड्ज-कोमल गांधार-पंचम हा गुच्छ येथे पूर्ण मिळतो, म्हणजे घर शाबूत आहे. परंतु दरवाजा पाहावा तर पंचम-निषाद यांच्या जोडीला येणारा ऋषभ कोमल आहे. त्यामुळे पंचमापासूनचे पाचवे अंतर अर्ध्या स्वराने आखडते आणि गुच्छ स्थिर होण्याऐवजी कलंडतो. शिवाय टोडीच्या प्रचलित गायनात पंचमाचा प्रयोग अल्प असतो. गुर्जरी टोडीत तर तो अजिबात वर्ज्य आहे. घराचा गुच्छ वारंवार वाजविला तर पंचम बलवान होतो आणि स्वर तेच असूनही राग निसटतो.

गोन्साल्विस यांच्या दोन कॉन्चेर्टोंची ही निवड मला म्हणूनच फार अर्थपूर्ण वाटते. यमन किंवा बिलावल यांसारखा राग घेतला असता तर घराचा गुच्छ आणि दरवाजाचा गुच्छ हे दोन्ही विनासायास लाभले असते; दोन परंपरांचे तेथे आपोआपच पटते. त्यांनी एक राग असा घेतला की ज्यात घर नाही, आणि एक थाट असा घेतला की ज्यात दरवाजा नाही. पाश्चात्त्य स्वरसंहतीच्या दोन्ही आधारांवर त्यांनी एकेक करून हात ठेवला.

शीर्षकांतील शब्दयोजनाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. सारंगापाशी त्यांनी 'राग' म्हटले, टोडीपाशी 'थाट'. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत थाट म्हणजे सात स्वरांचा साचा. त्याला आरोह-अवरोह नाही, वादी-संवादी नाही, रंजकतेची अटही नाही. राग म्हणजे त्या साच्यातून घडलेले व्यक्तिमत्त्व. टोडी 'थाट' असे म्हणणारा रचनाकार स्वरांचे बंधन स्वीकारतो आणि चलनाचे बंधन सोडतो. पंचमाच्या अल्पत्वाची अडचण अशा रीतीने दूर होते, परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. श्रोत्याला टोडीचा रंग मिळेल. टोडी भेटेलच असे नाही. आपल्या कसोटीच्या भाषेत बोलावयाचे तर, टोडीच्या बाबतीत संघर्षस्थळी पाश्चात्त्य घाटाला थोडी अधिक सत्ता दिली गेली आणि शीर्षकाने ते प्रामाणिकपणे सांगूनही टाकले. आजच्या कित्येक मिश्ररचना दोन सुरांवर रागाचे नाव लावतात. त्यांच्या तुलनेत हा काटेकोरपणा आदरास पात्र आहे.

५

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. राग ही एकरेषीय कल्पना असल्यामुळे त्यात एकाच वेळी अनेक स्वर वाजविणे हेच मुळात विसंगत, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाचे उत्तर आपल्याच बैठकीत आहे. तंबोरा नीट जुळला म्हणजे खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. गवई सारंग गात असला म्हणून तंबोऱ्यातील हा गांधार मावळत नाही. वर्ज्य स्वर मागे तरंगत असतो आणि तरीही सारंग भंगत नाही. याचा अर्थ असा की, ऐकू येणारा स्वर आणि घेतलेला स्वर यांत आपली परंपरा पूर्वीपासून भेद करीत आली आहे. रागाचा नियम घेतलेल्या स्वराला लागू होतो.

हा भेद लक्षात घेतला की स्वरसंहतीचा प्रश्न 'असावी की नसावी' एवढा राहत नाही. 'कोठे असावी' असा होतो. सारंगाच्या षड्जाखाली एखाद्या मंद्र वाद्याने गांधार हलकेच धरला तर तो छायेसारखा राहू शकेल. तोच गांधार वरच्या व्हायोलिनांच्या ओळीत आला तर तो घेतलेला स्वर ठरेल आणि सारंग तेथेच संपेल. मांडोतील तिसऱ्या स्वराचे माधुर्य अंगवळणी पडलेल्या वादकाला हा मोह प्रत्येक मात्रेला पडणार. सारंगाच्या पाच स्वरांपैकी ऋषभ, पंचम आणि निषाद या तिघांना तिसरा जोडीदार मिळतो, षड्ज व मध्यम यांना मिळत नाही. म्हणजे मांडोच्या रीतीने चालणारा दुसरा आवाज दर काही पावलांवर अडखळणार. ते अडखळणे झाकण्याऐवजी त्यालाच रचनेचे सौंदर्य करणे, हे अशा रचनेपुढील खरे कार्य होय.

दुसरी अडचण श्रुतींची. टोडीचे कोमल ऋषभ-गांधार हे पेटीच्या पट्टीतील स्वरांहून उतरलेले असतात. पेटीच्या याच ताठरपणामुळे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी केली होती. व्हायोलिनला पडदे नाहीत म्हणून एकटा वादक तो गांधार जागेवर लावू शकतो. परंतु तीसचाळीस व्हायोलिने एकाच उतरलेल्या गांधारावर यावयाची असतील तर त्या सर्वांच्या कानांत एकच टोडी असली पाहिजे. कपिलधारच्या दिंडीत शंभर कंठ एकाच चालीवर येतात ते सूचनेने नव्हे. ती चाल पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली असते म्हणून. कागदावरील स्वरलिपी गांधाराचे नाव सांगते, त्याचा पत्ता सांगत नाही.

६

कसोटी केवळ आपल्याकडेच लागू पडते असे नव्हे. हैतीहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील व्हायोलिनवादक व रचनाकार डॅनियल बर्नार्ड रूमेन यांचे उदाहरण घ्यावे. 'हिप-हॉप स्टडीज अँड एट्यूड्स' या त्यांच्या रचनामालेच्या नावातच दोन घराणी समोरासमोर उभी आहेत. एट्यूड हा युरोपीय संगीतातील अभ्यासरचनेचा जुना घाट. एक विशिष्ट अडचण घेऊन ती शेवटपर्यंत घोटावयाची, हा त्याचा कायदा. हिप-हॉप ही कृष्णवर्णीय अमेरिकेच्या रस्त्यावर जन्मलेली लय. आशय रस्त्याचा, शिस्त एट्यूडची. मन्मथस्वामींचीच ही रीत आहे. मात्र एक भेद नोंदविला पाहिजे. रूमेन यांना विद्यापीठे, वाद्यवृंद आणि छापील स्वरलिपी यांचा आधार मिळाला, त्यामुळे त्यांची रचना दुसऱ्याने वाजविण्याची सोय आहे. गोन्साल्विस यांचा वृंद टिकला नाही. त्यातील बहुतेक वादकांचे पोट चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर होते. मुंबईला पूर्ण वेळ वादकांचा मध्यवर्ती संच असलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा लाभण्यास २००६ साल उजाडावे लागले.

संमिश्र रचना एकदा सादर झाल्याने सिद्ध होत नाही. अभंगाची वीण घट्ट झाली ती दरवर्षीच्या आवृत्तीने. जी जागा खटकली ती गाणाऱ्यांनी घासून गुळगुळीत केली, जी टिकली ती चाल ठरली. कॉन्चेर्टोलाही हीच आवृत्ती लागते. पहिल्या प्रयोगात वादक स्वर वाचतात, दहाव्या प्रयोगात राग वाजवू लागतात. गोन्साल्विस यांच्या सारंगाला तो दहावा प्रयोग मिळाला नाही. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना म्हणून एवढे निश्चितपणे म्हणता येते की, त्यांनी प्रश्न अचूक ठिकाणी मांडला, सोप्या रागांची सोय नाकारली आणि जेथे तडजोड केली तेथे तिला तिचे खरे नाव दिले. उत्तर सिद्ध करण्यास लागणारा काळ व संस्था त्यांना लाभल्या नाहीत. आद्य प्रयोगकर्त्यास यापेक्षा अधिक श्रेय देणे अतिशयोक्ती होईल आणि याहून कमी देणे अन्याय होईल.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून कामाची एक दिशा निघते. दहाही थाटांत व त्यांतील प्रमुख रागांत तीन स्वरांचे कोणते गुच्छ नियमभंगावाचून उपलब्ध होतात, कोणत्या रागास घर आहे व कोणत्यास दरवाजा, याचे कोष्टक कोणीही तंबोरा जवळ घेऊन काही आठवड्यांत तयार करू शकेल. असे कोष्टक हाती असले म्हणजे यापुढे एखादी मिश्ररचना ऐकताना 'संकर' किंवा 'संगम' या दोन शब्दांवर आपणांस थांबावे लागणार नाही. रचनाकाराने कोणती अडचण पत्करली आणि कोणती टाळली, हे आपण स्वराच्या नावानिशी सांगू शकू.